बंद भट्टीची राखण

चि. मनू,



ताईचा फोन आला आणि तुझी नेमणूक कैग्याच्या अणुवीज केंद्रात झाल्याचं कळलं. ताईच्या आवाजात थोडी काळजी होती, भावजींच्या आवाजात बरीच. त्या दोघांची समजूत मी घालीन. तू मात्र विचारलंस ते एवढंच, की जाण्याआधी काय वाचू? काही वाचू नकोस. पुस्तकं तिथे गेल्यावर गठ्ठ्याने मिळतील. एकेक यंत्रणेचा नकाशा पाठ करून घेतील, पाइपलाइनीचा माग काढत मजल्यामजल्यावर फिरायला लावतील, तोंडी परीक्षेत घाम काढतील. त्यात तू मागे पडणार नाहीस. माझी नोकरी तारापूरच्या कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे डोक्यात पक्कं बसलेलं जे थोडं आहे, तेवढंच लिहितो.

कैग्याच्या चारही अणुभट्ट्या २२० मेगावॅटच्या, जड पाण्यावरच्या. आडव्या ठेवलेल्या मोठ्या टाकीतून ३०६ नळ्या आरपार गेलेल्या आणि प्रत्येक नळीत इंधनाचे बारा गठ्ठे एकापुढे एक. गठ्ठा म्हणजे अर्ध्या मीटर लांबीच्या एकोणीस बारीक कांड्यांची मोळी. कांड्यांत नैसर्गिक युरेनियमच्या ऑक्साइडच्या गोळ्या. नवा गठ्ठा हातमोजे घालून खुशाल उचलता येतो, तुला उचलायला देतीलही. तोच गठ्ठा भट्टीतून बाहेर पडला, की माणसाने त्याच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही. पाण्याखाली, यंत्राच्या हातांनीच त्याची ने-आण होते. भट्टी चालू असतानाच एका बाजूने नवे गठ्ठे आत आणि दुसऱ्या बाजूने जुने बाहेर. हे काम करणारी यंत्रं पहिल्यांदा पाहशील तेव्हा जरा वेळ काढून पाहा. आपल्या लोकांनी या यंत्रांवर पुष्कळ वर्षं डोकं खर्च केलं आहे.

आत काय चालतं ते तुला ठाऊक आहे. युरेनियम-२३५चा अणू न्यूट्रॉन गिळतो, फुटतो, दोन-तीन नवे न्यूट्रॉन सोडतो. नैसर्गिक युरेनियमात हा २३५ शेकडा ०.७ इतकाच, म्हणून न्यूट्रॉन वाया घालवून चालत नाही. त्यांचा वेग कमी करायला साधं पाणी वापरलं तर तेच बरेच न्यूट्रॉन खाऊन टाकतं. जड पाणी फारसे खात नाही, म्हणून ते महाग असूनही आपण वापरतो. उरलेला सगळा कारखाना पाणी उकळण्याचा. नळ्यांतलं जड पाणी तीनशे अंशांच्या जवळपास तापतं, दाबाखाली असल्याने उकळत नाही, बॉयलरमध्ये जाऊन साध्या पाण्याची वाफ करतं आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. साडेसातशे मेगावॅट उष्णतेतून २२० मेगावॅट वीज पदरात पडते, बाकीची उष्णता थंड करण्याच्या पाण्याबरोबर कद्रा जलाशयाच्या वाटेने जाते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे सगळं क्षणात हाताबाहेर जात असेल. तसं का होत नाही, हे तू स्वतःला नीट समजावून घे. फुटणाऱ्या अणूंतून निघणारे बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी निघतात. पण शेकड्यात पाऊणसुद्धा भरणार नाहीत एवढे थोडे न्यूट्रॉन मागाहून येतात, काही अर्ध्या सेकंदाने तर काही मिनिटभराने. हे रेंगाळणारे नसते तर साखळीच्या तोलात हजारात एकाची, म्हणजे एका मिली-केची, चूक झाली असती आणि सेकंदागणिक भट्टीचा जोर अडीच-तीन पट झाला असता. ते आहेत म्हणून तेवढ्याच वाढीला जवळपास मिनिट लागतं. मिनिटात यंत्र आणि माणूस दोघांनाही पुष्कळ काही करता येतं. भट्टी चालवणं शक्य झालं ते या पिछाडीच्या मूठभर न्यूट्रॉनांमुळे.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मीने पहिली भट्टी पेटवली तेव्हा हाच भरवसा त्याच्यापाशी होता. दुपारच्या आधी एक सुरक्षा-सळी आपोआप आत पडली, कारण तिची मर्यादा फार खाली लावली गेली होती. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. फर्मीने मंडळींना जेवायला पाठवलं. परत येऊन, मर्यादा नीट लावून, गणित करत करत दुपारी त्याने काम तडीस नेलं. जगातली पहिली साखळी-प्रक्रिया हाताशी आली असताना जेवायची वेळ पाळणारा माणूस, हा मला ऑपरेटरचा आदर्श वाटतो. तुझ्या वयाच्या मुलांना घाई हे हुशारीचं लक्षण वाटतं. कंट्रोल रूममध्ये तसं समजत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. भट्टी बंद करणं सोपं आहे. बटण दाबलं की कॅडमियमच्या सळ्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात आणि साखळी तुटते. पण बंद झालेली भट्टी तापत राहते. अणू फुटून जे तुकडे झालेले असतात ते स्वतः किरणोत्सारी असतात आणि विरत विरत उष्णता देत बसतात. त्यांना कुठलंही बटण नाही. सळ्या पडल्यानंतरच्या पहिल्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. तुझ्या भट्टीत ती पन्नास मेगावॅट धर. तासाभराने दहा-अकरा मेगावॅट. दुसऱ्या दिवशी याच वेळी साडेतीन-चार. चार मेगावॅट कागदावर किरकोळ वाटतात, पण तेवढी उष्णता नुसती पाणी उकळून काढायची म्हटली तर तासाला पाचेक टन पाणी लागतं. दर दोन तासांनी दहा हजार लिटरचा एक टँकर, दिवसरात्र. एकलहऱ्याच्या किंवा चंद्रपूरच्या कोळशाच्या केंद्रात कोळसा थांबवला की काही वेळाने बॉयलरची काळजी मिटते. आपल्याकडे भट्टी ट्रिप झाली की खरी ड्यूटी तिथून पुढे.

हे मी घाबरवायला सांगत नाही. मोठ्या वीजकेंद्रांतले तीन बदनाम अपघात घे. चेर्नोबिलची भट्टी चालू असताना उसळली, खरं. थ्री माइल आयलंडची मात्र सळ्या व्यवस्थित पडून बंद झाली होती. फुकुशिमात ११ मार्च २०११ला भूकंपाचा धक्का बसताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप, नेमून दिल्याप्रमाणे बंद झाल्या. पाऊण तासाने समुद्र आत आला, डिझेल जनरेटर बुडाले, बॅटऱ्या गेल्या, आणि पुढच्या काही दिवसांत त्या बंद भट्ट्या वितळल्या. ऑपरेटरांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या, त्या जोडून मीटर जिवंत केले आणि आत पाणी किती उरलंय ते पाहायची धडपड केली. पाणी किती आहे, एवढा साधा प्रश्न होता.

आपल्या घरचं उदाहरण तुला अधिक उपयोगी पडेल, कारण ती भट्टी तुझ्याच भट्टीच्या घराण्यातली. उत्तर प्रदेशात गंगेकाठी नारोरा आहे. ३१ मार्च १९९३ची पहाट, साडेतीनचा सुमार. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. तोल गेलेलं ते धूड थरथरायला लागलं, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला, मग तेल पेटलं. ऑपरेटरांनी मिनिटाच्या आत भट्टी बंद केली. इथवर सगळं ठीक होतं. पण आग केबलींच्या वाटेने पसरली. मुख्य वीज आणि तिच्या जागी येणारी पर्यायी वीज, दोन्हींच्या केबली शेजारून गेलेल्या होत्या, मध्ये आग अडवणारी भिंत नव्हती. दोन्ही जळाल्या. डिझेल जनरेटर असून नसल्यासारखे झाले. कंट्रोल रूममध्ये धूर भरला आणि माणसांना ती सोडावी लागली. मीटर नाहीत, दिवे नाहीत, पंप नाहीत, आणि आत हळूहळू उतरत जाणारी उष्णता. ही अवस्था सतरा तास होती.

त्या लोकांनी काय केलं ते पाहा. आग विझवण्याच्या पाण्याचे पंप स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालणारे होते, त्यांना केंद्राच्या विजेची गरज नव्हती. ते पंप चालू करून त्यांचं पाणी बॉयलरमध्ये सोडलं. बॉयलर भट्टीपेक्षा उंचावर असतात. तापलेलं जड पाणी हलकं होऊन वर चढतं, बॉयलरमध्ये उष्णता देऊन जड होतं, खाली उतरतं. पंप बंद असला तरी हा फेरा निसर्गनियमाने चालू राहतो, अट एकच, बॉयलरच्या बाजूला पाणी हवं. ती अट त्यांनी पुरी केली. दुसरीकडे काही जण हातात टॉर्च घेऊन भट्टीच्या इमारतीच्या माथ्याकडे चढले आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवून बोरॉनचं द्रावण आत सोडलं, म्हणजे थंड होत चाललेली भट्टी पुन्हा डोकं वर काढायला नको. मीटरच नसताना हा निर्णय घ्यायला अंगात किती धमक लागत असेल, याचा विचार कर. किरणोत्सार बाहेर गेला नाही. म्हणून तर त्या माणसांची नावं कुणाला माहीत नाहीत.

मला या कथेत शौर्य दिसतं आणि रागही येतो. १९७५ सालीच अमेरिकेत ब्राउन्स फेरी केंद्रात केबलींची मोठी आग लागली होती. हवा कुठून गळते ते शोधायला तिथल्या कामगाराने चक्क मेणबत्ती वापरली होती. केबली वेगळ्या वाटांनी न्याव्यात, मध्ये आग अडवावी, हा धडा त्या दिवसापासून जगासमोर होता. आपण तो १८ वर्षांनी स्वतःची पाठ भाजून घेतल्यावर नीट गिरवला. दुसऱ्याच्या अपघाताचा अहवाल तुझ्या टेबलावर येईल तेव्हा ‘आपली भट्टी वेगळ्या बनावटीची आहे’ असं म्हणणारा कुणीतरी शेजारी असेलच. त्याचं ऐकून घे आणि अहवाल शेवटपर्यंत वाच.

दुसरी गोष्ट दिव्यांबद्दल. २८ मार्च १९७९, पहाटे चार, थ्री माइल आयलंड. दाब वाढला म्हणून वरचा एक व्हॉल्व्ह उघडला आणि दाब उतरल्यावर मिटायचा तो उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. दिव्याचा संबंध व्हॉल्व्हच्या झाकणाशी नव्हताच, ‘मीट’ असा विजेचा हुकूम गेला की नाही एवढंच तो दाखवत होता. हुकूम गेला होता, झाकण मिटलं नव्हतं. वर भर म्हणून आणीबाणीच्या पाण्याचे दोन व्हॉल्व्ह आधीच्या चाचणीनंतर बंदच राहिले होते, आणि ते दाखवणाऱ्या दिव्यांपैकी एकावर दुरुस्तीच्या कामाचा टॅग लोंबत होता. शंभरावर अलार्म एकदम वाजत होते. दाब सांभाळणाऱ्या टाकीतली पातळी वर दिसतेय म्हणून लोकांनी आत जाणारं पाणी स्वतःच कमी केलं. दोन तास वीस मिनिटांनी, पुढच्या पाळीच्या आलेल्या माणसाने त्या व्हॉल्व्हच्या मागची झडप बंद करायला लावली. तोपर्यंत गाभ्याची वाताहत सुरू झाली होती. शेवटी जवळपास अर्धा गाभा वितळला.

म्हणून सांगतो, प्रत्येक दिवा आणि प्रत्येक काटा नेमका कशाला जोडलेला आहे ते वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन बघ. ‘व्हॉल्व्ह बंद आहे’ असं लॉगबुकात लिहिण्याआधी एकाऐवजी दोन खुणा शोध. व्हॉल्व्ह बंद असेल तर त्यापुढची पाइप गार व्हायला हवी, टाकीतली पातळी थांबायला हवी, कुठेतरी दाब स्थिर दिसायला हवा. एक खूण बाकीच्यांशी फटकून वागत असेल तर ती तुझ्या सोयीची आहे म्हणून खरी धरू नकोस. पाळी बदलताना नव्या माणसाचे बावळट वाटणारे प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. चार महिने तूच ते विचारणार आहेस, तेव्हा कुणी खेकसलं तरी विचारायचं थांबू नकोस. टॅग लावशील तो कुणाच्या नजरेआड काय करतोय ते दोन पावलं मागे होऊन पाहा.

तिसरी गोष्ट कुणी वर्गात शिकवणार नाही. कैग्याच्या पहिल्या युनिटने सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रम केला, ३१ डिसेंबर २०१८ला ते थांबवलं. अभिमानाची गोष्ट आहे, तिथे गेल्यावर तू ती हजारदा ऐकशील. पण विक्रमाच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला भट्टी थांबवताना हात जड होतो. त्यात झेनॉन. भट्टी ट्रिप झाली की आयोडीन-१३५पासून झेनॉन-१३५ साचत जातो आणि तो न्यूट्रॉन अक्षरशः गिळतो. अर्ध्या-पाऊण तासात भट्टी पुन्हा उचलली नाही तर ती ‘पॉयझन आउट’ होते आणि मग दीड दिवस काही करता येत नाही. त्या अर्ध्या तासात कंट्रोल रूममध्ये सगळे घड्याळाकडे बघत असतात. ट्रिप कशाने झाली हे पुरतं कळलेलं नसतं, आणि कुणीतरी म्हणतं, बहुधा खोटाच सिग्नल होता, उचलू या.

चेर्नोबिलला अपघाताच्या रात्री याच झेनॉनने जोर दाबून धरला होता. वीज-वितरणवाल्यांच्या सांगण्यावरून आधी ठरलेली एक चाचणी कित्येक तास लांबली, भट्टीचा जोर ठरल्यापेक्षा फार खाली घसरला आणि तो रेटून वर आणायला त्यांनी जवळजवळ सगळ्या सळ्या बाहेर ओढल्या. त्या भट्टीच्या बनावटीतच खोट होती, सळ्यांची टोकं ग्रॅफाइटची होती, तेव्हा सगळं खापर ऑपरेटरांवर फोडणं अन्याय आहे. तरी चाचणी सोडून घरी जायला हरकत नव्हती. तुमची भट्टी दीड दिवस बंद राहिली तर ऐंशी लाख युनिटांचं नुकसान होईल. होऊ दे. कारण सापडलं नाही तर शिफ्ट चार्ज इंजिनिअरला तसं स्पष्ट सांग, लेखी सांग, आणि आवाज न चढवता सांग. चांगला शिफ्ट चार्ज इंजिनिअर त्याबद्दल तुझा मान ठेवेल. न ठेवणारा भेटला तर मला फोन कर.

तब्येतीचं ताईला सांगायचं म्हणून लिहितो. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट ही कामगारांची मर्यादा आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर जाऊ देत नाहीत. छातीवरचा, किरणोत्सार मोजणारा टीएलडी बिल्ला कामाच्या टेबलावर विसरायची वस्तू नाही. जड पाण्यात ट्रिटियम तयार होतो. तो श्वासातून, कातडीतून अंगात जातो आणि बिल्ल्याला कळत नाही, म्हणून लघवीचे नमुने द्यावे लागतात. नव्या मुलांना त्याचा कंटाळा येतो. २००९ साली कैग्यातच पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी आतल्याच माणसाने ट्रिटियमचं पाणी मिसळलं होतं आणि पन्नासहून अधिक लोकांच्या अंगात ते गेलं. ते उघडकीला आलं या कंटाळवाण्या नमुन्यांमुळेच. तेव्हा बाटली वेळेवर भरून देत जा.

कारवारला बाजारात जाशील, तिथे कोकणी-मराठी बोलणारे पुष्कळ भेटतील. कुठे असतेस विचारल्यावर ‘कैगा’ म्हणालीस की कुणी कौतुक करेल, कुणी तोंड फिरवेल. तोंड फिरवणाऱ्याला अडाणी समजू नकोस. शिवराम कारंतांएवढा मोठा कन्नड लेखक १९८९ साली याच प्रश्नावर लोकसभेला उभा राहिला होता. इकडे तारापूरला अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं पुढच्या युनिटांसाठी उठली, त्यांची गाऱ्हाणी मी पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यांतली सगळी खोटी नाहीत. ‘काही धोका नाही हो’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधी जाऊ देऊ नकोस. धोका कुठला, त्याला अडवायला काय केलंय आणि ते फसलं तर त्याच्यामागे काय आहे, हे ज्याला समोरच्या मासेवालीला तिच्या भाषेत सांगता येतं त्याला स्वतःलाही भट्टी समजलेली असते.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम कर. आगीच्या पाण्याचे डिझेल पंप कुठे आहेत ते विचारून घे. तिथपासून बॉयलरपर्यंतची लाइन पायी चाल, वाटेतला प्रत्येक व्हॉल्व्ह हात लावून बघ, कुठला हाताने फिरतो आणि कुठल्याला शिडी लागते ते वहीत टिपून ठेव. मग शिफ्टमधल्या जुन्या माणसाला घेऊन तीच वाट रात्री, दिवे मालवले आहेत असं धरून, टॉर्चवर चाल. परवानगी आधी काढ, नाहीतर सुरक्षावाले पकडतील. टॉर्च स्वतःचा घे, आणि त्याचे सेल दर महिन्याला बदल.

मामीचे आशीर्वाद. थालीपिठाची भाजणी पाठवते आहे.

तुझा,
मामा